शिट्टी झाल्याशिवाय पाणी नाही

आमच्या मावसाजींइतका अडेल माणूस अख्ख्या रायपुरात दुसरा नाही, आणि असलाच तर दोघांना एका गल्लीत राहू देऊ नये. जन्मभर त्यांनी एका मोठ्या जलविद्युत धरणावर दरवाजे उघडायची नोकरी केली; आता चौबे कॉलोनीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतात, पण नोकरी काही सुटलेली नाही. धरणातून पाणी सोडण्याआधी तीनदा भोंगा वाजतो, म्हणून हे घरातलं पाणीही तीनदा शिट्टी मारल्याशिवाय सोडत नाहीत. कूलर रिकामा करायचा, शिट्टी. गच्चीवरची टाकी धुवायची, शिट्टी. वर पाच मिनिटं थांबायचं, कारण "खालच्या माणसाले निघायले टाइम नको का?" एकदा मावशीनं लादी पुसल्याचं पाणी बाल्कनीतून तसंच फेकलं, तर दोन दिवस अबोला! खाली होतं कोण? एक मांजर, आणि तेही कोरडं.

पण गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी कूलरसाठी शिट्टी झाली आणि खालचा नवा भाडेकरू आग लागली समजून गॅसचं सिलिंडर उचलून रस्त्यावर धावला. झालं! कॉलोनीची मीटिंग बसली. "अंकल, ये कॉलोनी है, डैम नहीं. माफीनामा लिख दीजिए," सेक्रेटरी म्हणाला. घरमालकानंही बजावलं, माफीनामा द्या, नाहीतर घर खाली करा. मावसाजी उठून उभे राहिले. "घर सोडतो. शिट्टी नाही सोडत!"

मावशी रडकुंडीला आली. इतक्या वर्षांचा शेजार, बाजार, दवाखाना, सगळं तिथेच. शेवटी मीच माफीनामा लिहून नेला आणि त्यांच्यापुढे पेन आपटलं. "मावसाजी, एका सहीनं तुमचं काय जाते? काहून असे हट्टाले पेटून राहिले?"

त्यांनी कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "नोकरीच्या पहिल्या साली भोंगा बिघडला होता. साहेब म्हणे, दरवाजा खोल. मी खोलला. खाली नदीत एक बाई धुणं धूत होती. वरून तिचं हिरवं लुगडं दिसे. मंग नाही दिसलं." पेन त्यांनी माझ्याकडे सरकवलं. "तिची माफी मागाची राह्यली हाये, पोरा. तिच्या आधी या सेक्रेटरीची मागू?"

मी कागद फाडून टाकला. पुढच्या रविवारी आम्ही त्यांचं सामान शंकर नगरला हलवलं. मावशीनं एका शब्दानं कुरकुर केली नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, आणि त्या बाईबद्दल तिनंही त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं होतं.