गाऱ्हाण्यातलं गणित

निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात. मी फोनवरच्या गणिताच्या मास्तरांच्या चुका काढायला बसलो. एका जुन्या सहकाऱ्याने मला अशा धड्यांची लिंक पाठवली होती आणि वर लिहिलं होतं, ‘आता आपली गरज संपली.’ मला ते चांगलंच लागलं. मी वही घेतली. हा फळ्याकडे बघून बोलतो. हा त्रिकोणाला नावंच देत नाही. हा फार हसतो. बायकोने एकदा वहीत डोकावून विचारलं, “त्या बापड्यांनी तुमचा काय घोडा मारल्यानी?”

कट्टा गावाजवळच्या हायस्कुलात मी तीस वर्षं गणित शिकवलं. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. एक पायरी फळ्यावर लिहायची, वळायचं, विचारायचं, “समजलं?” चाळीस तोंडांतून एकदम “होय सर!” की पुढची पायरी. माझ्यासारखा मास्तर पंचक्रोशीत नाही असं मला वाटे, आणि त्यालाही कोणी कधी नाही म्हटलं नाही.

गेल्या वर्षी गणपती पोचवून आठवडा झाला असेल. दुपारी एक बाई आमच्या खळ्यात, पुढच्या अंगणात, येऊन उभी राहिली. काजूच्या कारखान्यातून सुटून तडक आली होती. टरफलाच्या तेलाने बोटं काळी झालेली.

“गुरुजी, वळाखलास?”

ओळखली. तिसऱ्या बाकावरची, दहावीला माझ्याच विषयात नापास झालेली. तेव्हा तिच्या वडिलांना मीच सांगितलं होतं, की हिचं डोकं गणिताचं नाही, उगाच वर्ष फुकट घालवू नका. त्यांनी माझा शब्द मानला. शाळा तिथेच सुटली. आता ती चाळिशीला टेकली होती. कारखान्यात काजूगर निवडणाऱ्या बायकांवर एक मुकादम नेमायची होती. मालकाच्या मनात हीच होती, पण कागदावर दहावी पास हवी होती. तिने बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता.

“बाकीचे विषय सुटतले, गुरुजी. ह्या गणित माका परत बुडयतला. फोनवर बघून शिकतंय थोडा थोडा.”

“तो फोन पिशयेत ठेव,” मी म्हटलं. “मी अजून जिवंत आसंय. उद्यापास्ना रोज चार वाजता ये.”

चार दिवस ती आली. मी उत्साहात होतो. जुना फळा माळ्यावरून काढला, पुसला. समीकरणं सोडवली, दर पायरीला विचारलं, “समजलं?” ती म्हणे, “व्हय.” पाचव्या दिवशी मी कालचंच गणित फक्त आकडे बदलून दिलं. ती कागदाकडे बघत राहिली. बराच वेळ गेला. कागद कोराच होता. माझं डोकं फिरलं. “काल व्हय म्हणालंस मां? मगे?” खडूचा डबा मी जरा जोरातच आपटला, हेही सांगायला हवं. सहाव्या दिवशी ती आली नाही, सातव्याही नाही.

आमच्या वाडीत फोनला रेंज धड मिळते ती देवळाच्या गडग्यावर, म्हणजे बुटक्या दगडी कुंपणावर. तिथे चिऱ्यांवर कायम कोणी ना कोणी बसलेलं असतं. दहा-बारा दिवसांनी मी देवळाकडून येत होतो, तर गडग्यावर ती पाठमोरी बसलेली. मांडीवर वही, समोर चिऱ्याला टेकवलेला फोन. फोनमध्ये तोच फार हसणारा मास्तर. तो काही वाक्यं बोले, ती त्याला थांबवी, लिही, खोडी, पुन्हा मागे नेई. एकच पायरी तिने सहा वेळा ऐकली. सातव्यांदा मान हलवली आणि मग पुढे गेली. मी मागे उभा होतो. तीस वर्षांत एक पायरी मी सहा वेळा कुणालाच सांगितली नव्हती.

“मगे माका व्हय कित्या म्हणालंस?” मी विचारलं.

ती दचकली, उठून उभी राहिली. फोनमधला मास्तर हसतच होता. तिने त्याला थांबवलं.

“गुरुजी, गाऱ्हाण्यात कोण नाय म्हणता काय?”

देवळात मानकरी गाऱ्हाणं घालतो. देवाला वाडीची सुखदुःखं सांगत जातो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर आम्ही सगळे हात जोडून म्हणतो, “व्हय म्हाराजा!” मागच्या रांगेत अर्धं ऐकूही येत नाही. तरी म्हणतो. मोठ्या माणसाने हाक दिली की हुंकार द्यायचा, एवढंच पोरांना ठाऊक.

“तुमी विचारलास काय आमी सगळी व्हय म्हणा होतो,” ती म्हणाली. “हो फोनवरचो माणूस विचारणाच नाय. नाय समाजला तर मी परत लावतंय. तेका राग येणा नाय.”

मी घरी आलो. चहा नको म्हटलं. मनात बाकामागून बाक येत होते, आणि प्रत्येक बाकावरचं ‘होय सर’. मला शरम वाटली. सकाळ होईस्तोवर तरी थांबायला हवं होतं, पण मी तिन्हीसांजेलाच तिच्या घरी गेलो आणि म्हटलं, “उद्या ये. फोन घेवन ये.”

मग आमची वेगळीच शाळा भरू लागली, तीही गडग्यावर. शिकवायचं फोनने. मी बाजूला गप्प बसायचं. तिने थांबवून विचारलं तरच तोंड उघडायचं. गप्प बसणं मला फार जड गेलं. एकदा व्यस्त प्रमाण आलं. त्या मास्तराने माणसं आणि दिवस घेतले, मीही आयुष्यभर तेच घेतले होते. तिने फोन थांबवला. “ह्या तर आमच्या गरांसारख्या आसा. दोनशे चाळीसचो गर मोठो, तीनशे वीसचो बारको. आकडो वाडलो काय गर ल्हान.” एका पौंडात किती गर बसतात त्यावरून ते नंबर पडतात. काजूच्या मुलखात तीस वर्षं शिकवून हे उदाहरण मला सुचलं नव्हतं. चुकांची वही मी उलटी धरली आणि मागच्या पानावर ते लिहून घेतलं.

मार्चात तिने परीक्षा दिली. निकालाच्या दिवशी दुपारी गडग्यावर आम्ही दोघंच. फोन तिच्या हातात. गणितात बेचाळीस. ती पदराने डोळे पुसत हसली. माझेही डोळे भरून आले, आणि मी ते लपवले नाहीत.

बऱ्याच महिन्यांपासून ओठांवर असलेलं मी तेव्हा बोललो. “त्या वर्षी तू नापास झालंस मां, ती चूक माझी होती. तुझ्या बापाशीक सांगलंय, तीव माझीच. समाजला?”

गणित सोडवताना थांबे तशी ती थांबली.

“नाय,” ती म्हणाली. “बापाशीक सांगलास ती तुमची. पण नापास झालंय त्यातली अर्धी माझी. माका तेवाच नाय म्हणाक होया होता.”

मी तिच्याशी वाद घातला नाही. फोन तिच्या पिशवीत ठेवला, आणि आम्ही दोघं तिच्या घरच्यांना सांगायला उतरलो.