तिच्या खोलीसाठी आणलेला दिवा
दिव्याच्या शेडवरची धूळ तापली की एक करपट वास येतो, आणि तो आला की मला ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीतलं आमचं भाड्याचं घर आठवतं. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि पहिल्यांदाच वेगळ्या खोलीत झोपणार होती. आमच्याकडे एवढ्या लहान मुलाला कुणी एकटं झोपवत नाही, पण तिच्या वर्गातले सगळे झोपतात म्हणून तिनेच हट्ट धरला होता. नवरा खाणीवर शिफ्टला गेलेला, बाहेर लाल धुळीचा वारा, आणि मी दुकानातून तिसरा दिवा आणलेला. पहिल्याचा पांढरा उजेड दवाखान्यासारखा वाटत होता, दुसऱ्याच्या पिवळ्या उजेडात कपाटाची सावली थेट पलंगावर पडत होती. तिसरा मी आधी उशाशी ठेवला, मग खिडकीत, मग खाली जमिनीवर. दर वेळी तिच्या पलंगावर आडवी होऊन छताकडे बघायचे आणि पुन्हा उठायचे. ती दारात टोस्ट खात उभी होती. "आई, आय लाइक इट डार्क," ती म्हणाली. "अगं, पण रात्री जाग आली तर?" मी विचारलं. तिने टोस्ट तोंडात धरला, प्लग काढला, दिवा दोन्ही हातांनी उचलला आणि आमच्या खोलीत माझ्या उशाशी नेऊन ठेवला. "देन यू हॅव इट," ती शांतपणे म्हणाली. आता ती पर्थला युनिव्हर्सिटीत शिकते. दिवा अजून माझ्या उशाशीच आहे, आणि तिचा फोन आल्याशिवाय मी तो बंद करत नाही.