विरुद्ध बाजूची मैत्रीण

सांगलीला कॉलेजात असताना वसतिगृहात माझ्या खोलीत दुष्काळी माण भागातली एक मुलगी होती. वादविवाद स्पर्धांत आमची जोडी असे. एक विषयाच्या बाजूनं बोलायची, दुसरी विरुद्ध. १९९८ च्या हिवाळ्यात विषय आला, 'भारताने जागतिक हवामान करारातून बाहेर पडावे.' बाहेर पडावं, ही बाजू तिच्याकडे आली.

त्याच सुमाराला तिच्या आईला मिरजेच्या दवाखान्यात आणलं. त्या माउलीनं जन्मात विडी ओढली नव्हती. पण बिनखिडकीच्या घरात शेणी आणि तुराट्या पेटवून आयुष्यभर भाकऱ्या थापल्या होत्या. फुफ्फुसं धुरानं गेलीत, असं डॉक्टर म्हणाले. मी डबा घेऊन गेले की आई ऑक्सिजनची नळी बाजूला करून विचारायची, "पोरी, तू जेवलीस का?"

स्पर्धेच्या सकाळी मी म्हटलं, "नको बोलूस. नाव काढून घेऊ."

"बोलणार हाय मी."

व्यासपीठावर तिनं कागद उघडलाच नाही. "ज्या श्रीमंत देशांनी पिढ्यान् पिढ्या धूर केला, ते आता म्हणतात, सगळे मिळून कमी करू. आमच्या गावात अजून गॅस नाही. आधी माझ्या आईच्या घरातला धूर जाऊ दे. मग या आम्हाला करार शिकवायला."

टाळ्या वाजल्या नाहीत.

मग मी उठले. ऊन वाढलं, पाऊस हुकला तर पहिला घाव माण तालुक्यासारख्या भागावरच बसेल. करार सोडला तर जाब विचारायची जागाही जाईल, असं बोलले. तिच्याकडे मात्र बघवेना.

ढाल आम्हालाच मिळाली. तिची आई त्याच आठवड्यात गेली.

मी त्यांच्या गावी गेले. उन्हाळा लांब होता, तरी विहिरीत नुसता गाळ. ओसरीवर तिचे वडील बसले होते. म्हणाले, "तुमी दोघी भांडला म्हनं स्टेजवर. खरं कुनाचं ठरलं?"

"दोघींचंही, काका."

"मग उपेग काय झाला?"



एसटीपर्यंत सोडायला ती आली. "तुझं पटलं हुतं मला," म्हणाली. "पण मला तेच बोलायचं हुतं."

धाकट्या भावंडांचं सगळं आता तिच्याच गळ्यात पडलं होतं. ती कॉलेजला परत आली नाही. परीक्षेच्या आधी तिच्या कॉटवर दुसरी मुलगी राहायला आली.