त्याचं ‘न्हाई’ आणि माझं ‘नाही’

सुदामच्या पोरीचा, वैशालीचा फोन आला तेव्हा मी वलवणला एका बंगल्याची चावी पाहुण्यांच्या हातात देत होतो. “काका, आबा गेले,” एवढंच ती म्हणाली. मी पाहुण्यांना गीझर कसा लावायचा ते नीट दाखवलं, वायफायचा पासवर्डही सांगितला, आणि मग फाटकाबाहेर येऊन गाडीला टेकून उभा राहिलो... सकाळी कणीक मळता मळता सुदामच्या छातीत कळ आली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दहाव्याला, तेराव्याला माणसं माझा हात हातात घेऊन एकच वाक्य बोलत होती : तुम्ही दोघं त्या लढाईतून बरोबर सुटून आलात, आता तुम्ही एकटे पडलात. मी मान हलवत होतो. आम्ही बरोबर सुटून आलो नव्हतो. ही गोष्ट दोघांना माहीत होती, आता एकालाच माहीत आहे, आणि ती अशी एकट्याने सांभाळणं मला जमत नाही.

सुदाम आंदर मावळातला. एसटी जिथे वळून परत जाते तिथून पुढे बराच चढ चढल्यावर त्याचं घर. कुसगावच्या एका हॉटेलात आम्ही एकत्र कामाला होतो, मी काउंटरवर आणि तो तंदूरवर. माझ्या खिशाला पेन असायचं म्हणून तो मला ‘मॅनेजर’ म्हणायचा आणि ते नाव शेवटपर्यंत टिकलं. हॉटेलात गिऱ्हाईक सगळं बाहेरचं. कुणी रोटी करपल्याची तक्रार घेऊन हिंदीत भांडायला आलं की सुदाम मान हलवायचा, “हिंदी न्हाई, मराठी,” म्हणायचा आणि पाठ फिरवून पुढची रोटी थापायचा. हिंदी त्याला कामापुरती येत होती. पण ते ‘न्हाई’ ही त्याची ढाल होती आणि तिच्यावर आम्ही सगळे हसायचो. त्या ढालीचं पुढे काय होणार आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक...

मग इराकमधल्या एका बांधकाम कंपनीच्या मजूर खानावळीसाठी माणसं हवी असल्याचं कळलं आणि आम्ही दोघं गेलो. मी देखरेखीला, तो तंदूरला. उत्तरेकडचं मध्यम आकाराचं गाव होतं. वस्ती जास्त करून कुर्दांची, काही घरं अरबांची. गावावर ताबा कुर्द लढवय्यांचा आणि हक्क सांगत होतं बगदादचं सरकार. सुदामने ते आपल्या पद्धतीने समजून घेतलं. “म्हंजे सातबारा एकाचा आन वहिवाट दुसऱ्याची,” तो म्हणाला. “आमच्याकडं यावरनं डोकी फुटत्यात. हितं तर रणगाडं हायेत.”

खानावळीला लागून काक करीम या म्हाताऱ्याची रोटीची भट्टी होती. पहिल्याच दिवशी त्या पांढऱ्या दाढीच्या माणसाने सुदामला “काका” अशी हाक मारली आणि सुदाम चांगलाच रागावला. माझ्यापेक्षा दुप्पट वयाचा माणूस मलाच काका म्हणतो, ही चेष्टा आहे, असं त्याचं म्हणणं. कुर्द भाषेत काक किंवा काका म्हणजे थोरला भाऊ, मान देऊन मारायची हाक, हे मी चौकशी करून त्याला सांगितलं. त्यावर तो खूश झाला आणि म्हाताऱ्याला उलट काका म्हणू लागला. तो आपल्या अर्थाने, म्हातारा त्याच्या अर्थाने. दोघांचं छान चाललं होतं. रोटीला तिथेही नानच म्हणत, त्यामुळे अर्धी भाषा आपल्याला आधीच येते असं सुदामचं मत झालं. खानावळीचं काम उरकलं की तो भट्टीवर जाऊन बसायचा. करीमच्या घरची एक पद्धत त्याला फार आवडली होती. भट्टी बंद करण्याआधी घरातलं जे माणूस बाहेर असेल त्याच्या नावाची एक रोटी काढून फडक्यात बांधायची आणि दाराजवळच्या खुंटीला लावायची. ते माणूस आलं तर त्याची, नाही आलं तर सकाळी पहिल्या येणाऱ्याची. करीमचा मुलगा कुर्द लढवय्यांबरोबर गावाबाहेरच्या आघाडीवर होता, त्याच्या नावाची रोटी रोज तिथे असायची.

तपासणी नाक्यांवर शिपायांशी बोलायचं काम माझं. मला अरबीतले चार शब्द येत होते आणि त्याचा मला तोरा होता. “तू गप बस, मी बोलतो,” हे मी सुदामला प्रत्येक नाक्यावर सांगायचो. तो बसायचा गप. म्हणून ते चार शब्द तो कधी शिकला नाही... हे मी नंतर किती वेळा मनात उगाळलं असेल, सांगता येत नाही.

सरकारी फौज येतेय, येतेय, असं ऐकू येत होतं आणि एके दुपारी ती खरोखर आली. माणसं गाड्यांच्या टपांवर गाद्या बांधून उत्तरेला निघाली. कुर्द पोरं रस्त्याच्या तोंडाशी मातीच्या गोण्या रचून बसली होती, त्यांच्या टोप्यांखालचे चेहरे मला आपल्याकडच्या कॉलेजातल्या पोरांसारखे वाटले. पहिला गोळा तेलाच्या टाक्यांकडे पडला तेव्हा खानावळीतली भांडी आपोआप वाजली. कंपनीने बस पाठवली. सुदाम म्हणाला, म्हाताऱ्याला सांगून आलोच. तो गेला आणि लवकर आला नाही. दुसरा गोळा पडला, आधीपेक्षा जवळ. बसच्या दारात उभा असलेला कंपनीचा साहेब नागपूरकडचा होता. माणसं चढत होती आणि त्याने मराठीतच मला विचारलं, “अजून कोणी राहिलंय का?”

मी म्हणालो, “नाही.”

मला वाटलं नव्हतं की मी असं म्हणेन. पण म्हणालो. दार लागलं आणि बस निघाली. मागच्या काचेतून मी भट्टीचं धुराडं बघत होतो. त्यातून धूर येत होता.

पुढचं मी सुदामच्या तोंडून ऐकलेलं आहे. लढाई चालू होती तोवर तो आणि करीम भट्टीतच राहिले. गोळीबार थांबला की म्हातारा भट्टी पेटवायचा आणि गल्लीत उरलेल्या घरांना रोटी जायची. त्यात कुर्द घरं होती तशी अरबही होती. मग कुर्द लढवय्ये मागे हटले आणि सकाळी सरकारी शिपाई गल्लीत शिरले. हा प्रसंग सुदाम कुसगावला पुढे कितीतरी वेळा रंगवून सांगायचा, आणि ऐकणारे दर वेळी पोट धरून हसायचे. “दारात शिपाई. पिकल्या मिशांचा. मी म्हनलं वडीलधारं मानूस हाय, मानानं बोलावं. म्हनलं, या काका.” काका हा तिथे कुर्द शब्द. शिपायाने बंदूक रोखली. सुदामचा काळासावळा चेहरा पाहून तो थबकला आणि त्याने विचारलं, “हिंदी?” अरबीत हिंदी म्हणजे भारतीय. हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. “आन मी काय म्हनावं? हाटेलातली सवय! मान हालवली. म्हनलं, हिंदी न्हाई, मराठी.”

इथे सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही. मी तिथे असतो तर तो एक शब्द मी बोललो असतो... करीमने मध्ये उडी घेतली. स्वतः कुर्द, मुलगा लढायला गेलेला, म्हणजे तोंड बंद ठेवण्यातच त्याचं हित होतं. तरी तो सुदामच्या पुढे उभा राहिला आणि “हिंदी, हिंदी” म्हणत राहिला. सुदाम मागून त्याला समजावत होता की काका, मला हिंदी येत न्हाई. शेवटी शिपायाने बंदूक खाली केली आणि गरम रोटी मागितली. ती खाता खाता तो म्हणाला ते सुदामला कळलं नाही, पण त्याने आणखी एक मागितली. कुणी विचारायचं, तेव्हा मॅनेजर कुठे होता? सुदाम माझ्याकडे न बघता म्हणायचा, “त्यो तवा दुसऱ्या कामावर गेलता.”

मी त्याच्याआधी परत आलो होतो. त्याच्या आईला भेटायला चढ चढून गेलो आणि तो मागच्या गाडीने येतोय असं सांगितलं. म्हातारी म्हणाली, “तू आलास नव्हं, मग त्यो बी येतोय.” तिने मला तांदळाची भाकरी वाढली. मी ती खाल्ली. सुदाम खरंच आला, पण तो येईपर्यंत मी पुन्हा तो चढ चढलो नाही.

आल्यावर त्याने कुसगावला स्वतःची भट्टी टाकली. पोरगी वैशाली शिकता शिकता हाताशी आली. भट्टीवर झाकण घालण्याआधी तो समोर बसलेल्यांना मोठ्याने विचारायचा, “अजून कोनी राहिलंय का?” ज्याची रोटी घ्यायची राहिली असेल त्याने घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. हेच शब्द त्या बसच्या दारात होते हे त्याला माहीत असायचं कारण नाही, असं मी धरून चाललो होतो. पण झाकण पडायच्या आधीच मी काहीतरी निमित्त काढून उठायचो.

गेल्या हिवाळ्यात वलवण धरणाच्या कडेला आम्ही भाजलेल्या शेंगा खात बसलो होतो तेव्हा मी बोललो. साहेबाने विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो, एवढंच. त्याने हातातली शेंग फोडली.

“मला ठावं हाय.”

“कधीपासून?”

“तवापासनं. साहेबाचा नंतर फोन आलता. म्हनला, तुजा मॅनेजर तर म्हनला कोनी राहिलं न्हाई.” त्याने टरफलं झटकली. “मी म्हनलं, बरोबर हाय त्याचं. मी राहिलो न्हवतो. मी थांबलो व्हतो.”

मी शेंगांचा पुडा त्याच्याकडे सरकवला. मग तो हसत म्हणाला, “म्हाताऱ्याच्या खुंटीवर पोराची रोटी असायची, तिच्याशेजारी साहेबाचा फोन येईस्तवर तुजी बी लावत व्हतो मी. तू कुटं अडकलायस ह्येच कळत न्हवतं. लय काळजी लागलती मॅनेजर तुजी.”

त्याने मला सोडून दिलं. मी स्वतःला सोडलेलं नाही, आणि बहुतेक सोडूही नये. पण त्या दिवसापासून ते ओझं नुसतं टोचत नाही, कामाला लावतं. कुणाला “तू गप बस, मी बोलतो” असं मी आता म्हणत नाही. दिसायला ही लहान गोष्ट आहे.

तेराव्यानंतर करीमच्या मुलाचा वैशालीच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. आघाडीवरून तो धडधाकट परतला होता, आता भट्टी तोच बघतो. गावात निशाण बदललं, गल्ली तीच आहे, सोडून गेलेली बरीच घरं परत आलीत, असं तो मोडक्या इंग्रजीत सांगत होता. त्याच्या मागे काक करीम स्टुलावर बसले होते, खूप थकलेले. त्यांनी हात उचलून दाराकडे दाखवलं. मुलाने फोन तिकडे वळवला. खुंटीवर फडक्यात बांधलेली एक रोटी होती. “काका सुदाम,” काक करीम म्हणाले.

वैशालीने भट्टी बंद पडू दिलेली नाही. आता तिच्याकडे गावाकडच्या दोन बाया कामाला आहेत आणि रविवारी रांग लागते. परवा मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसून राहिलो. गिऱ्हाइकं पांगली. तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला, झाकण दोन्ही हातांनी उचललं आणि बापाच्याच सुरात विचारलं,

“काका, अजून कोणी राहिलंय का?”

“व्हय,” मी म्हणालो. “एक लाव.”

कुणासाठी, असं तिने विचारलं नाही. तिने झाकण खाली ठेवलं आणि गोळा हातावर घेतला.