ओल्या दगडाच्या मागे दहा पावलं

नवराबायकोचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लॅमिनेशन, बारशाचे अल्बम. नवऱ्याला लाटांचं वेड. गावाबाहेर ज्वालामुखीच्या काळ्या खडकांवर तो दर रविवारी कॅमेरा घेऊन जायचा. ती लांब बसून "मागे सर" सांगत राही, तेव्हा तो हसायचा, "तू म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारी!"

एका रविवारी लेन्स बदलायला त्याने समुद्राकडे पाठ केली. लाट आली आणि परत गेली, तेव्हा खडकावर कोणी नव्हतं.

तेराव्या दिवशी तिने स्टुडिओ उघडला. "हनुवटी जरा खाली," असं गिऱ्हाइकाला सांगताना स्वतःचाच आवाज तिला शेजारच्या दुकानातून आल्यासारखा वाटला. रडू काही येईना. दोन महिन्यांनी स्टुडिओत राहिलेला त्याचाच जुना कॅमेरा घेऊन ती खडकांवर जाऊ लागली.

धाकटी नणंद हादरली. "वहिनी, तिथे जातेस? भीती नाही वाटत?"

"काहीच वाटत नाही. म्हणून तर घड्याळ लावून नियम पाळते."

तिचे नियम ठरलेले. भरतीची वेळ आधी बघायची. वीस मिनिटं कॅमेरा बाहेर काढायचाच नाही, नुसतं पाहायचं. सगळ्यात मोठी लाट जिथवर खडक भिजवेल, त्याच्या दहा पावलं मागे उभं राहायचं. पाठ कधीच करायची नाही.

एकदा नणंद हट्टाने सोबत आली. समुद्र शांत होता. "दादा नक्की कुठे उभा होता?" म्हणत ती ओला खडक ओलांडून पुढे गेली.

"मागे ये!"

नणंद जागची हलेना. हिने धावत जाऊन तिचा दंड धरला आणि फरफटत वर ओढलं. दोघी आपटल्या. मागून पाणी फुटलं, त्यांच्या कमरेपर्यंत आलं आणि ओरबाडत परत गेलं.

नणंद ओक्साबोक्शी रडू लागली. ही तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नणंदेच्या पांढऱ्या ओढणीवर लाल डाग उमटायला लागले, तेव्हा हिला कळलं, आपला तळहात फाटलाय.

"अगं बाई! किती रक्त!" नणंदेने घाईघाईने ओढणी हाताला गुंडाळली. "खूप दुखतंय का गं?"

हिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"दुखत असेल," ही म्हणाली आणि दुसऱ्या हाताने कॅमेऱ्यावरचं खारं पाणी पुसू लागली.