दळलेलं पातं

अशा गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी डिचोलीच्या एका खाणीच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो. दगड दळायचा, लोखंड किती ते काढायचं, कागदावर लिहायचं... असल्या माणसाच्या वाट्याला हे का यावं, याचाच मला अजून राग येतो.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. हरमलच्या आमच्या घरातली एक खोली आम्ही फॉरेनरना भाड्याने द्यायचो. त्या हिवाळ्यात इंग्रिड नावाच्या साठीच्या बाई राहायला होत्या. तरुणपणी त्या उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटावर उत्खननात होत्या. तिथून त्यांनी एक पातं गुपचूप खिशात टाकलं होतं — ऑब्सिडियनचं, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेचं, जेमतेम बोटाएवढं, टोकाजवळ टवका उडालेलं, आत एक राखाडी रेघ असलेलं. ती काच त्या बेटावर सापडतच नाही म्हणे. हजारो वर्षांपूर्वी ती शेकडो मैलांवरून आली, आणि कुणा एकाने आणली नाही. ह्याने शेजारच्याला दिली, त्याने पुढच्याला, बदल्यात काहीतरी घेत घेत.

आता बाईंना ते पातं म्युझियमला परत करायचं होतं. सोबतच्या पत्रात अचूक वजन हवं होतं, म्हणून मी मोठ्या ऐटीत म्हटलं, आमच्या लॅबच्या काट्यावर करून आणतो. बाईंनी विश्वासाने माझ्या हातात दिलं.

आणि मी काय केलं? शुक्रवारी सवयीने ते कापडी पिशवीत घातलं, चिठी बांधली आणि ट्रेवर ठेवून चहाला गेलो. आमच्याकडे चिठी बांधलेली पिशवी म्हणजे सॅम्पल, आणि सॅम्पल म्हणजे दळायचं. परत आलो तर सॅम्पल दळणारा, सावंतवाडीकडचा आमचा गोपाळ पुडी घेऊन उभा.

"चिठी होती, म्हणान दळलंय," तो म्हणाला.

भर दुपारी मी त्याच्यावर एवढा ओरडलो की अख्खी लॅब गोळा झाली. चूक माझीच होती, तरीही ओरडलो. पुडीतली पूड मी स्वतः तपासली. लोखंड नावापुरतं, बाकी सगळी काच. संध्याकाळी बाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी म्युझियमला लिहिलेलं अर्धं पत्र घडी घालून ठेवून दिलं.

रविवारी मी केरीला बहिणीकडे गेलो. किनाऱ्यावर एक मासळीवाली बांगड्याचं पोट चिरत होती... त्याच पात्याने. टोकाजवळचा टवका तोच, आतली राखाडी रेघ तीच. "सुरयेपरस बरें कापता," ती म्हणाली. सुरीपेक्षा बरं कापतं म्हणे. माझा खिशातला चाकू तिला दिला तेव्हा कुठे तिने ते सोडलं.

धावतपळत ते बाईंना नेऊन दिलं. त्यांनी ते उजेडात धरून नीट पाहिलं. मग शांतपणे विचारलं की ठेवूनच घ्यायचं होतं, तर दळल्याची गोष्ट कशाला रचलीत? पुडी दाखवली, तर म्हणाल्या, पूड कशाचीही असते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने.

मग मी रजा टाकली आणि मोटारसायकल काढली. मासळीवालीला ते एका ट्रकवाल्याने दिलं होतं, चार बांगड्यांच्या बदल्यात. ट्रकवाल्याला डिचोलीजवळच्या मये गावातल्या एका शेतकऱ्याने, रिकाम्या डब्याच्या बदल्यात. त्या वर्षात मयेत मी पाऊल टाकलं नव्हतं. शेतकरी वांग्यांना पाणी घालत होता. पातं कुणी दिलं म्हणून विचारलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

"तुमीच दिलां मरे. शुक्रारा दनपारां. चार वांयगीं घेवन गेल्यात."

माझ्यासारखा दिसणारा दुसरा कुणीतरी असेल, असं मी म्हटलं. त्यावर त्याने माझं नाव सांगितलं, आडनावासकट. मीच त्याला सांगितलं होतं म्हणे. शुक्रवारी दुपारी मी गोपाळवर ओरडत होतो, हे अख्ख्या लॅबने पाहिलं आहे!

घरी आलो तर बाई खोली सोडून गेल्या होत्या. त्यांचा पत्ता होता. चारदा पत्र लिहायला बसलो आणि चारदा फाडलं. आजही याचा अर्थ मला लागत नाही. पातं माझ्याकडून पुढे कसं गेलं हे सांगणारा जगात एकच माणूस मला सापडला, आणि तोही बाईंच्याच बाजूने बोलतो.