डाव्या पिळाची शिडी

"डावीकडं वळली तर वळली, बाई! कुणी चढणार हाय थोडंच?" शिडीवाले अण्णा तापले होते. "तुमच्याच शाळेत डाव्या हातानं लिहितो म्हणून या हातावर छड्या खाल्ल्यात मी. आता शिडीनंपण उजवंच वागायचं?"

विज्ञानाच्या बाईंनी वर्गासाठी पुरुषभर उंचीचा डीएनएचा नमुना करायला सांगितला होता, तो बघायला त्या आल्या होत्या. चाळीस वर्षांत अण्णांची एकही शिडी माघारी आली नव्हती. ही त्यांनी जीव लावून केलेली. वेताच्या दोन काठ्या भिजवून पिळलेल्या, एकीवर बाण वर, दुसरीवर खाली. पायऱ्या दोन-दोन तुकड्यांच्या, दर वेढ्याला दहा. लाल तुकड्याला पिवळाच जोडायचा, निळ्याला हिरवाच. एक लांब, एक आखूड, म्हणून सगळ्या पायऱ्या एका मापाच्या. "सोयरीक जमवताना एवढं कोण बघतं?" म्हणत त्यांनी ते चोख केलं. पीळ तेवढा हाताच्या सवयीनं पडला.

"राहू द्या अण्णा," बाई म्हणाल्या. "पोरांना कळायचंही नाही. पण आपल्या अंगातला डीएनए सहसा उजवीकडं वळतो, म्हणून बोलले."

"मग उलटी करा की! खालचं टोक वर केलं की झाली उजवी."

दोघांनी शिडी उचलून उलटी उभी केली. अण्णांनी पुढच्या काठीवरून खालून वर बोट नेलं. बोट डावीकडंच सरकलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

कोपऱ्यात वेत तासत बसलेली बायको हसली. "घरधन्यावर गेलीय. उभी करा नाहीतर आडवी, वळण काय सुटत नाय."

अण्णा बाकड्यावर बसले. आपला डावा हात उलटसुलट करून बघू लागले.

"हाताचं काही चुकलं नाही, अण्णा," बाई म्हणाल्या. "इतका एकसारखा पीळ मी पाहिला नाही. कुठल्या बाजूला, ते सांगायचं मीच विसरले."

"आधी सांगायचं ना मग," अण्णा पुटपुटले. पण आवाजातली धार गेली होती. "परवा न्या."

ते चिकटवायला सरस कधी वापरत नसत, नुसत्या खुंट्या. त्यांनी डाव्या हातात हातोडी घेतली आणि वरच्या पायरीची खुंटी ठोकून बाहेर काढली. बायको उठली, वेत भिजवायच्या पिंपात पाणी ओतू लागली.